रोझ बर्ड आणि कॅलिफोर्नियाचा कौल

४ नोव्हेंबर १९८६ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मतदारांनी आपल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्ती रोझ एलिझाबेथ बर्ड यांना पदावरून दूर केले. शंभरांत सदुसष्ट मते त्यांच्याविरुद्ध पडली. क्रूझ रेनोसो आणि जोसेफ ग्रोडिन हे त्यांचे दोन सहकारीही त्याच दिवशी गेले. अमेरिकेत प्रत्येक राज्याला स्वतःचे सर्वोच्च न्यायालय असते. कॅलिफोर्नियात त्याच्या न्यायमूर्तींची नेमणूक गव्हर्नर करतो, तीन सदस्यांचे एक मंडळ तिला मान्यता देते, आणि पुढे ठरावीक काळाने मतपत्रिकेवर एकच प्रश्न येतो : या न्यायमूर्तींना पदावर ठेवावे की नाही? ही पद्धत १९३४ पासूनची. त्या नोव्हेंबरपर्यंतच्या अर्धशतकात मतदारांनी वरिष्ठ न्यायालयाच्या एकाही न्यायमूर्तीला घरी पाठविले नव्हते. त्या एका दिवशी तिघे गेले.

ही कथा दूरच्या देशातली असली तरी आपल्या चळवळीतील एका जुन्या वादाशी तिचा संबंध आहे. १९६७ चा गोलकनाथ निकाल, १९७० मधील बँक राष्ट्रीयीकरणाचा आणि संस्थानिकांच्या तनख्यांचा निकाल, या साऱ्यांमुळे न्यायासन म्हणजे मालमत्तेचा शेवटचा बुरूज अशी कार्यकर्त्यांची भावना झाली होती, आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. त्या भावनेचा लाभ घेऊन १९७३ साली तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलण्यात आले व ‘बांधिलकी मानणाऱ्या’ न्यायाधीशांची भाषा राज्यकर्त्यांनीच सुरू केली. त्या बांधिलकीचा अर्थ काय होता, हे आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांना निराळे सांगावयास नको. पण मूळ प्रश्न तेवढ्याने संपत नाही. न्यायाधीशाने सत्तेला बांधील असू नये हे मान्य केले, तरी जनतेला तरी जबाबदार असावे की नाही? शिबिरांतून हा प्रश्न अजूनही विचारला जातो आणि त्याला ‘होय, निवडणूक हवी’ असे सोपे उत्तर दिले जाते. कॅलिफोर्नियाने हे उत्तर प्रत्यक्ष करून पाहिले आहे. म्हणून बर्डबाईंचे चरित्र पाहणे अगत्याचे.

त्यांचा जन्म २ नोव्हेंबर १९३६ चा, ॲरिझोना राज्यातील टूसॉन गावाजवळचा. वडील लवकर वारले. आईने मुलांना घेऊन न्यूयॉर्क राज्य गाठले आणि प्लास्टिकच्या कारखान्यात काम करून त्यांना वाढविले. बर्डबाईंच्या पुढच्या सगळ्या भूमिकांचा उगम या कारखान्यात शोधणे हे चरित्रकारांचे आवडते काम आहे. त्यात थोडे तथ्य असेलही, परंतु कारखान्यात राबणाऱ्या आईची सगळीच मुले शेतमजुरांच्या बाजूने उभी राहत नाहीत. शिष्यवृत्तीवर शिक्षण, बर्कलीच्या विद्यापीठातून १९६५ साली कायद्याची पदवी, मग नेवाडाच्या मुख्य न्यायमूर्तींकडे वर्षभर उमेदवारी. १९६६ पासून सान्ता क्लारा जिल्ह्यात गरीब आरोपींचा बचाव सरकारी खर्चाने करणाऱ्या कचेरीत वकिली. त्या कचेरीतील पहिली स्त्री वकील त्याच. ज्याच्याजवळ वकिलाचे पैसे नाहीत अशा माणसाच्या बाजूने सुमारे आठ वर्षे उभे राहिल्यावर फौजदारी कायद्याची जी बाजू दिसते, ती सरकारी वकिलीतून वर चढलेल्या न्यायाधीशांना सहसा दिसत नाही.

१९७४ साली जेरी ब्राऊन गव्हर्नरपदासाठी उभे राहिले तेव्हा बर्डबाईंनी त्यांच्या प्रचारात काम केले. ब्राऊन निवडून आले व त्यांनी बर्डबाईंना शेती व सेवा खात्याच्या सचिवपदी नेमले. राज्याच्या मंत्रिमंडळाच्या पातळीवर पोचलेली ही पहिली स्त्री. येथे थोडे थांबावयास हवे, कारण पुढच्या वैराचे बी येथेच पडले.

कॅलिफोर्नियाची शेती म्हणजे कुटुंबाने कसलेली शेती नव्हे. द्राक्ष, लेट्यूस, टोमॅटो, शर्कराकंद यांचे विस्तीर्ण मळे, आणि त्यांवर हंगामापुरते आणलेले मजूर, बहुतेक मेक्सिकन आणि फिलिपिनो. मधे मुकादम. आपल्याकडील ऊसतोडणीची टोळी डोळ्यांसमोर आणली तर चित्र फारसे चुकणार नाही. १९३५ साली रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत कारखान्यांतील कामगारांना संघटनेचा व सामुदायिक वाटाघाटींचा कायदेशीर हक्क मिळाला. त्यातून शेतमजूर वगळण्यात आले. दक्षिणेकडील राज्यांच्या प्रतिनिधींची मते हवी होती आणि काळ्या शेतमजुराला संघटनेचा हक्क मिळणे त्या मळेवाल्यांना सोसणारे नव्हते. या एका राजकीय तडजोडीची किंमत शेतमजुरांच्या दोन पिढ्यांनी मोजली. १९६५ साली डेलानो येथे द्राक्षमळ्यांतील संप झाला, सीझर चावेझ यांच्या नेतृत्वाखाली द्राक्षांवरील बहिष्कार देशभर पसरला, १९७० मध्ये मळेवाल्यांनी करार केले. परंतु कायद्याचा आधार नसल्याने ते करार पुढच्या तीनच वर्षांत निसटू लागले. मळेवाल्यांनी ट्रकचालकांच्या बलाढ्य संघटनेशी परस्पर करार करून चावेझ यांच्या संघटनेला बाहेर काढले.

१९७५ चा शेतमजूर संबंध कायदा हे त्यावरचे उत्तर होते आणि तो घडविण्यात व त्यासाठी मळेवाले, दोन्ही संघटना व चर्च यांना एका मेजाभोवती आणण्यात बर्डबाईंचा मोठा वाटा होता. मळ्यावरील मजुरांनी गुप्त मतदानाने आपली संघटना निवडावी, निवडलेल्या संघटनेशी मालकाने बोलणी केलीच पाहिजेत, आणि हंगाम संपून मजूर पांगण्याआधीच मतदान व्हावे, ही त्याची मुख्य अंगे. हे शेवटचे कलम किती मोलाचे, हे स्थलांतरित मजुरांत काम केलेल्या कार्यकर्त्याला लगेच उमगेल. कारखान्यातला कामगार सहा महिन्यांनीही तेथेच असतो. तोडणीचा मजूर नसतो.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट आखूड दांड्याच्या कुदळीची. लेट्यूस आणि शर्कराकंदाच्या विरळणीसाठी व खुरपणीसाठी मजुरांना हात-दीड हात लांबीचीच कुदळ दिली जाई. तिने काम करावयाचे तर दिवसभर कमरेत वाकून चालावे लागे. मळेवाल्यांचे म्हणणे असे, की लांब दांड्याने नाजूक काम नीट होत नाही. खरे कारण मजुरांना ठाऊक होते. पाठ सरळ केलेला माणूस मुकादमाला दुरून दिसतो. पाठीचे मणके कायमचे निकामी झालेल्या मजुरांची साक्ष घेऊन गरिबांसाठी लढणाऱ्या वकिलांनी खटला चालविला, जानेवारी १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने या अवजाराचा धोका मान्य केला आणि त्याच वर्षी नव्या सरकारने त्यावर बंदी आणली. ज्या खात्याने वर्षानुवर्षे हे अवजार निर्धोक ठरविले होते, त्याची दिशा बदलली ती बर्डबाईंच्या कारकिर्दीत. लांब दांडा आल्यावर पीक काही कमी आले नाही.

१९७७ च्या आरंभी मुख्य न्यायमूर्ती डोनाल्ड राइट निवृत्त झाले व ब्राऊन यांनी त्यांच्या जागी बर्डबाईंचे नाव सुचविले. वय चाळीस, न्यायाधीशपदाचा अनुभव शून्य, आणि त्या न्यायालयाच्या इतिहासात तोवर एकही स्त्री न्यायमूर्ती झालेली नव्हती. मळेवाल्यांनी विरोधाचा गदारोळ केला हे उघडच होते. पण विरोध केवळ त्यांचाच होता असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शेतमजूर संबंध मंडळाचे पहिले अध्यक्ष राहिलेले बिशप रॉजर माहोनी यांनीही त्यांच्या स्वभावाविषयी प्रतिकूल पत्र लिहिले होते. मंडळाने दोन विरुद्ध एक मतांनी मान्यता दिली आणि २६ मार्च १९७७ रोजी त्यांनी शपथ घेतली. (त्याच जानेवारीत आपल्याकडे आणीबाणीतल्या बंदिवानांच्या बाजूने एकट्याने भिन्नमत नोंदविणाऱ्या न्या. हंसराज खन्ना यांना डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्यास देण्यात आले होते, आणि बर्डबाईंच्या शपथविधीच्या दोनच दिवस आधी दिल्लीत जनता सरकार आले होते. योगायोगापलीकडे यात काही नाही, तरी तो लक्षात राहतो.)

न्यायालयाच्या कारभारात त्यांनी काटकसर आणली, दिमतीची मोठी मोटार नाकारली, खालच्या न्यायालयांतील न्यायाधीशांना हंगामी म्हणून वर बसण्याची संधी दिली. त्याच वेळी जुन्या नोकरवर्गाशी आणि काही सहकाऱ्यांशी त्यांचे बिनसले. वृत्तपत्रांवर त्यांचा विश्वास नव्हता आणि तो लपविण्याचे कौशल्यही नव्हते. १९७८ मध्ये पहिल्यांदा मतदारांसमोर जावे लागले, तेव्हा जेमतेम बावन्न टक्क्यांनी त्या टिकल्या. मतदानाच्या दिवशी सकाळीच एका मोठ्या दैनिकाने, एक अप्रिय निकाल निवडणूक होईपर्यंत रोखून धरल्याची बातमी छापली. १९७९ साली न्यायाधीशांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या आयोगाने यावर जाहीर सुनावणी घेतली. निष्पन्न काही झाले नाही, आरोपही ठेवले गेले नाहीत. पण ज्या न्यायमूर्तींना आपापसांतल्या कुरबुरी साक्षीच्या पिंजऱ्यातून सांगाव्या लागल्या, त्या न्यायालयाचा दबदबा उतरला तो उतरलाच.

बर्डबाईंच्या निकालपत्रांपैकी एकाकडे अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. जून १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रस्ताव १३’ या नावाने प्रसिद्ध असलेली घटनादुरुस्ती सुमारे पासष्ट टक्के मतांनी मंजूर केली. घरांच्या किमती भडकल्या होत्या, त्यांबरोबर घरपट्टी वाढत होती, निवृत्त माणसांना राहते घर विकावे लागते की काय अशी भीती होती. ती भीती खरी होती. पण तिच्यावर काढलेला उपाय असा : घरपट्टी मूल्याच्या एक टक्क्यापेक्षा अधिक असू नये. मूल्य धरावयाचे ते १९७५-७६ सालचे. त्यात दरवर्षी फार तर दोन टक्के वाढ करावी. मात्र मालमत्तेचा मालक बदलला की विक्रीची चालू किंमत धरावी. समजा, एकाच गल्लीत शेजारी शेजारी दोन सारखी घरे आहेत. एक १९७५ साली चाळीस हजार डॉलरला घेतलेले, दुसरे काही वर्षांनी सव्वा लाखाला. पहिल्याची पट्टी चारशेच्या आसपास, दुसऱ्याची साडेबाराशे. रस्ता तोच, शाळा तीच, अग्निशामक बंबही तोच. कर मात्र तिप्पट, आणि तो भरावयाचा कोणी? नव्याने संसार मांडणाऱ्या तरुणाने, बाहेरून आलेल्याने.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरविली. सात न्यायमूर्तींपैकी एकट्या बर्डबाईंनी या भागाविरुद्ध भिन्नमत लिहिले. सारख्या मालमत्तांवर निव्वळ खरेदीच्या तारखेवरून असमान कर लादणे हा कायद्यापुढील समानतेचा भंग आहे, असा त्यांचा युक्तिवाद. हे मत त्यांनी दिले ते स्वतःच्या मतदानाला दोन महिनेसुद्धा उरले नसताना. प्रस्तावाच्या पाठीशी राज्यातले दोनतृतीयांश मतदार होते. चतुर माणसाने बहुमतात सही करून विषय सोडला असता. पुढे १९९२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही हीच पद्धत आठ विरुद्ध एक मतांनी उचलून धरली, तेव्हा कायद्याच्या लढाईत बर्डबाई हरल्या हे स्पष्ट आहे. अर्थशास्त्राच्या कसोटीवर मात्र त्यांचेच खरे ठरले. माणसे घरे बदलतात, मरतात, वारसांत वाटण्या होतात. कंपनी मरत नाही, तिची जमीन सहसा विकली जात नाही. म्हणून निवृत्त वृद्धेच्या नावाने मिळविलेल्या सवलतीचा टिकाऊ लाभ जुन्या कारखान्यांना आणि व्यापारी जागांना झाला, आणि शाळांचा पैसा आटला. व्यापारी मालमत्तेपुरती ही सवलत काढण्याचा प्रस्ताव २०२० साली मतदारांपुढे आला. तोही थोडक्यात पडला.

कामगारविषयक निकालांत त्यांच्या न्यायालयाने बरेच काही दिले. तेलकंपनीने पेट्रोलच्या किमती संगनमताने ठरविण्यात सामील होण्यास नकार देणाऱ्या नोकराला काढले, तेव्हा अशा नोकराला नुकसानभरपाईचा दावा लावता येतो असे १९८० साली ठरले. १९८५ मध्ये लॉस एंजेलिस जिल्ह्यातील सांडपाणी खात्याच्या कर्मचाऱ्यांच्या संपाचा निकाल आला. सार्वजनिक आरोग्याला वा सुरक्षिततेला तातडीचा व गंभीर धोका नसेल तर सरकारी कर्मचाऱ्यांचा संप केवळ संप म्हणून बेकायदा नाही, असे न्यायालयाने म्हटले, आणि बर्डबाईंनी स्वतंत्र मत लिहून संपाच्या हक्काची मुळे थेट घटनेत शोधली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली तामिळनाडूच्या कर्मचाऱ्यांना संपाचा कायदेशीरच काय, नैतिक हक्कही नाही असे सुनावले. ती दोन निकालपत्रे समोरासमोर ठेवून वाचण्यासारखी आहेत.

आता फाशीचा प्रश्न. बर्डबाईंच्या दहा वर्षांत फाशीच्या शिक्षेची साठांहून अधिक प्रकरणे त्यांच्यापुढे आली आणि प्रत्येकात त्यांनी ती शिक्षा रद्द करण्याच्या बाजूने मत दिले. एकदाही अपवाद नाही. याचे समर्थन असे केले जाते की १९७८ चा फाशीचा कायदा घाईने व ढिसाळपणे लिहिलेला होता, खालच्या न्यायालयांना तो नीट लागू करता येत नव्हता, आणि बहुतेक प्रकरणांत सहकाऱ्यांचे बहुमतही बर्डबाईंबरोबरच होते. हे सारे खरे आहे. फाशीला तत्त्वतः विरोध करणाऱ्यांना या निकालांचा आनंद वाटणेही स्वाभाविक. तरीही एक गोष्ट कबूल करावयास हवी. साठांहून अधिक खटल्यांत प्रत्येक वेळी दोष सापडतो, तेव्हा सामान्य माणसाला वाटते की दोष शोधण्याआधीच निर्णय झाला होता. त्याच न्यायालयातील स्टॅन्ली मॉस्क यांचाही फाशीला वैयक्तिक विरोध होता. परंतु कायदा आहे तोवर तो पाळावा म्हणून काही प्रकरणांत त्यांनी शिक्षा कायम केली. १९८६ च्या मतदानात ते सहज टिकले. मॉस्क धूर्त आणि बर्डबाई प्रामाणिक, असा निवाडा करणे अन्यायाचे होईल. कायद्याची शिस्त दोघांनीही मानली, तिचा अर्थ भिन्न लावला. गंमत अशी, की १९७८ साली एका बलात्काराच्या खटल्यात कायद्याच्या शब्दांपलीकडे जाऊन शिक्षा वाढविण्यास बर्डबाईंनी नकार दिला होता. वैयक्तिक तिटकाऱ्यापोटी न्यायाधीशाने कायदा नव्याने लिहू नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्या वेळी विरोधकांनी त्यांना कायद्याच्या अक्षराला चिकटल्याबद्दल झोडपले. आठ वर्षांनी त्याच विरोधकांनी कायदा न पाळल्याबद्दल झोडपले.

१९८६ च्या मोहिमेत दूरचित्रवाणीवर खून झालेल्यांचे आईबाप येत होते. त्यांचे दुःख खरे होते, त्याविषयी वावगा शब्द काढता येणार नाही. मोटारींवर चिकटविलेल्या पट्ट्यांतून बर्डबाईंच्या आडनावाची टिंगल चालली होती. गव्हर्नर जॉर्ज डुकमेजियन स्वतः मोहिमेत उतरले. दोन्ही बाजूंचा खर्च मिळून एक कोटी डॉलरच्या घरात गेला आणि त्याचा मोठा भाग विरोधकांचा. न्यायमूर्तीच्या निवडणुकीत एवढा पैसा अमेरिकेने तोवर पाहिला नव्हता. हा पैसा आला कोठून? शेती, तेल, जमीनजुमला यांतील बड्या हितसंबंधांकडून. मळेवाल्याला वा तेलकंपनीला कोण्या खुन्याच्या फाशीशी काय देणेघेणे? त्यांना हवी होती न्यायासनाची निराळी बेरीज. पण संपाचा हक्क नको, नोकराने मालकावर दावा लावावयास नको, शेतमजुरांचा कायदा ढिला करा, अशा घोषणांवर कॅलिफोर्नियात मते मिळाली नसती. फाशीवर मिळत होती. रेनोसो यांचे जाणे या दृष्टीने बोलके आहे. शेतमजुराच्या पोटी जन्मलेला, ग्रामीण गरिबांच्या कायदा-साहाय्य संस्थेचा संचालक राहिलेला, त्या न्यायालयात बसलेला मेक्सिकन वंशाचा पहिला माणूस. त्यांच्याविरुद्ध साठ टक्के मते पडली.

मित्रांनी काय केले, हेही सांगावयास हवे. डेमोक्रॅटिक पक्षाच्या बहुतेक पुढाऱ्यांनी अंग चोरले. त्याच निवडणुकीत गव्हर्नरपदासाठी उभे असलेले लॉस एंजेलिसचे महापौर टॉम ब्रॅडली यांनी बर्डबाईंच्या बाजूने वा विरुद्ध बोलण्याचेच टाळले. या सावधपणाचा त्यांना काडीचाही उपयोग झाला नाही, ते मोठ्या फरकाने पडले. बर्डबाईंनीही सल्लागार दूर केले व आपल्या पद्धतीने, म्हणजे बऱ्याच अंशी वाईट पद्धतीने, मोहीम चालविली. ज्या मजुरांच्या पाठी त्यांच्या काळात सरळ झाल्या, त्यांच्यापैकी असंख्य जणांना नागरिकत्व नसल्याने मतदानाचा हक्कच नव्हता. ‘जनतेचा कौल’ हा शब्द वापरताना ही जनता कोणती, तिच्यातून कोण आधीच वगळले गेले आहे, हे विचारण्याची सवय समाजवाद्यांना तरी असली पाहिजे.

निवडणुकीनंतर डुकमेजियन यांनी आपले जुने वकिलीतील भागीदार माल्कम लुकास यांना मुख्य न्यायमूर्ती केले आणि दोन वर्षांत फळे दिसू लागली. विमाकंपनीच्या अन्यायाविरुद्ध अपघातग्रस्ताला थेट दावा लावण्याचा जो मार्ग १९७९ च्या निकालाने खुला झाला होता, तो १९८८ साली बंद झाला. बेकायदा बडतर्फीबद्दल मिळणाऱ्या भरपाईवरही त्याच वर्षी मर्यादा आली. फाशीच्या शिक्षा आता बहुसंख्येने कायम होऊ लागल्या. प्रत्यक्ष फाशी मात्र, बर्डबाई गेल्यावरही, १९९२ पर्यंत एकही झाली नाही. त्यानंतर २००६ पर्यंत झाल्या त्या सगळ्या मिळून तेरा, आणि २०१९ साली गव्हर्नरने त्यांना स्थगिती दिली. लोकांना जे देण्याचे वचन होते ते पंचवीस-तीस वर्षांत तेरा वेळा दिले गेले. वर्गणीदारांना जे हवे होते ते दोन वर्षांत मिळाले. आणि शेतमजुरांच्या कायद्याखाली संघटकांना मळ्यावर जाऊन मजुरांशी बोलण्याची जी मुभा होती, ती २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मळेवाल्याच्या मालमत्तेवरील अतिक्रमण ठरवून सहा विरुद्ध तीन मतांनी मोडीत काढली. त्या न्यायालयाला कोणी निवडून देत नाही, तेथे न्यायाधीश तहहयात असतात. तेव्हा निवडणूक नसली म्हणजे न्यायासन गरिबांचे होते, असाही निष्कर्ष काढता येत नाही.

कॅलिफोर्नियाचा धडा इतरांनी गिरविला. २०१० साली आयोवा राज्यात समलिंगी विवाहाच्या हक्काचा निकाल देणाऱ्या तीन न्यायमूर्तींना मतदारांनी याच मार्गाने काढले. २०२५ च्या एप्रिलमध्ये विस्कॉन्सिन राज्यातील एका जागेसाठी सुमारे दहा कोटी डॉलर खर्च झाले. जगातील सर्वांत धनाढ्य माणसाने त्यात उघडपणे उडी घेतली आणि त्याचा उमेदवार पडला. पैसा नेहमीच जिंकतो असे नाही, हे त्यातून दिसले. परंतु न्यायासनाच्या एका जागेचा भाव काय चालला आहे तेही दिसले.

‘निवडणूक हवी’ म्हणणाऱ्या आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी हा भाव डोळ्यांसमोर ठेवून मग बोलावे. आपल्याकडे १९९३ पासून न्यायाधीशच न्यायाधीशांची निवड करीत आले आहेत, २०१५ साली ती पद्धत बदलण्याचा प्रयत्न न्यायालयानेच रद्द केला, आणि बंद दाराआडच्या या निवडीतून शेतमजुराच्या घरातला रेनोसो वर येण्याची शक्यता किती, हे कोणालाही कळते. दारे उघडी हवीत, उमेदवाराची पूर्वीची कामगिरी व नेमणुकीची कारणे लोकांपुढे यावीत, गरिबांच्या बाजूने वकिली केलेल्यांना आणि स्त्रियांना वाव हवा. पण एकदा बसविलेल्या न्यायाधीशाला प्रत्येक निकालागणिक पुढच्या मतदानाची धास्ती नसावी. मुदत एकच, ठरावीक, वाढ न मिळणारी, आणि निवृत्तीनंतर सरकारी आसनाची आशा नाही, एवढे जरी केले तरी बरेच साधेल. राहिलेले काम कोणत्याही न्यायपद्धतीने होणार नाही. फाशी, गुन्हेगारी, भीती या विषयांवर लोकांशी बोलणे पक्षाचे काम असते. ते कॅलिफोर्नियातल्या पुरोगाम्यांनी निकालपत्रांवर सोपविले आणि आपण गप्प बसले. आपल्याकडेही मोर्चाऐवजी जनहित याचिका हा सोपा मार्ग वाटू लागल्याला आता बरीच वर्षे झाली.

पद गेल्यावर बर्डबाईंना मोठ्या वकिली संस्थांकडून बोलावणे आले नाही. काही काळ त्यांनी दूरचित्रवाणीवर भाष्य केले, काही काळ ऑस्ट्रेलियात शिकविले, बाकी वेळ वृद्ध आईच्या सेवेत गेला. स्तनांच्या कर्करोगाने त्यांना १९७६ पासूनच गाठले होते, तो पुनःपुन्हा उलटत राहिला. वकिलीची सनद त्यांनी चालू ठेवली नव्हती. अखेरच्या वर्षांत एकदा त्या घराजवळच्या, गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या एका केंद्रात गेल्या आणि काही काम असेल तर सांगा म्हणाल्या. कचेरीतल्यांनी त्यांना ओळखले नाही. कागदपत्रांच्या छायाप्रती काढण्याच्या कामावर त्यांना बसविण्यात आले, आणि आपण कोण हे न सांगता त्यांनी ते काम केले. ४ डिसेंबर १९९९ रोजी त्या वारल्या. वय त्रेसष्ट होते.